निम्म्या पट्ट्या

शिवाजी पेठ, कोल्हापूर
६ जुलै २०२५

प्रिय मित्र शिवमूर्ती यास,

कृष्णातचा नमस्कार, आणि तुमच्या पद्धतीनं शरणू शरणार्थी. आम्ही इथे सर्व बरे आहोत, तुम्ही तिथे पावसातही बरे असाल असे धरून चालतो. दानम्मा वहिनींना नमस्कार सांगावा. चि. अमरेशला आशीर्वाद.

हे असलं शुद्ध लिहायला घेतलं खरं, पण चार ओळीत दम लागला. आता बोलतो तसं लिहितो, तू पण तसंच वाच. एवढ्या वर्षांनी माझं अक्षर बघून तू म्हणशील, ह्याला आज काय सुचलं. फोनच करणार होतो. पण आकाराम म्हणला, फोन कानाला लावला की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतंय आणि तू समोरच्याला नुसतं व्हय व्हय म्हणतोस. म्हटलं, त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आकाराम म्हणजे तुमच्या चंदगड एस्टीचा ड्रायव्हर. आमच्याच गल्लीत भाड्यानं राहतोय. त्याच्याकडनं कळलं की तुझा पाय अजून दर पावसाळ्यात फुटतोय. नडगीवर तीच जागा. वहिनी रोज गरम पाण्यानं धुतात, फडकी उकळून वाळत घालतात आणि तुमच्याकडच्या पावसात ती आठ-आठ दिवस वाळत न्हाईत. एकोणचाळीस वर्षं झाली की रे. मला वाटलं होतं, कवाच भरली असंल. खोटं कशाला बोलू, मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता माझं ऐक. गेल्या डिसेंबरात लेथवर काम करताना लोखंडाचा तापलेला कीस बुटात पडला. मला पत्ताच न्हाय. साखरेच्या आजारानं पायाची जाणीव गेल्या. संध्याकाळी मोजा काढला तर रक्तानं भिजलेला आणि अंगठ्याच्या खाली खड्डा. माझ्या बायकोनं, तानाबाईनं, सगळी गल्ली गोळा केली. सहा महिने मलमपट्टी झाली, जखम काय भरंना. तेव्हा इथल्या दवाखान्यात प्रियदर्शनी मॅडम भेटल्या. वय माझ्या लेकीएवढं, पण डॉक्टर हायत आणि नवीन औषधाची तपासणी करतात. त्यासाठी तीस माणसं निवडल्यात, त्यात मी एक.

औषध म्हणजे गोळी न्हाय का इंजेक्शन न्हाय. पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी. तिच्या एका अंगाला सुया, इतक्या बारीक की डोळ्याला दिसत न्हाईत, बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखं लागतंय. मी जन्मभर मायक्रॉनमधी काम केलेला माणूस, पण असलं काम मला जमलं नसतं. सुया लोखंडाच्या न्हाईत, औषधाच्याच केल्यात. जखमेवर पट्टी दाबून धरली की त्या आत शिरतात आणि पाण्यात साखर जावी तशा विरघळून जातात. मलम वरच्या वरच राहतं, घाणीबरोबर पुसून जातं. हे आत उतरून काम करतंय. दुखत न्हाय म्हणतात. मला तर दुखलं काय आणि न्हाय काय, कळतच न्हाय.

मला लागतात त्यापेक्षा जास्तीच्या पट्ट्या दिल्यात, म्हणून पाच तुला पाठवतोय. चार दिवसांनी एक लाव. जखम धुऊन कोरडी करायची, हात खडखडीत कोरडे करायचे, मगच पाकीट फोडायचं. ओल लागली तर सुया तिथंच विरघळतील. तीस आकडे मोजेपर्यंत अंगठ्यानं दाबून धर. रिकामी पाकिटं टाकू नकोस, आकारामच्या हाती परत धाड, इथं ती परत द्यावी लागतात. आणि कुठं बोलू नकोस.

बाकी काय लिहू. शहाऐंशीच्या फुटबॉल फायनलला तू पलीकडच्या पेठेच्या संघाकडनं आणि मी आमच्या तालमीच्या संघाकडनं उतरलो होतो, मैदान ओलं होतं, मी घसरून तुझ्या पायावर आलो. सगळ्यांना ठाऊक हाय. मागं कागलच्या लग्नात तू दिसलास तेव्हा मी जरा घाईत होतो, म्हणून न बोलता निघालो. तू मनात धरलं नसशील.

तुझा जुना दोस्त,
कृष्णात


शिवाजी पेठ
२७ जुलै

शिवमूर्ती,

तुझं पत्र आणि पाचही रिकामी पाकिटं पोचली. वहिनींनी काजू पाठवले ते पण पोचले. तानाबाईनं डबा वरच्या फळीवर ठेवलाय आणि मला रोज चार मोजून देत्या, साखर वाढंल म्हणून. काजूनं साखर वाढत न्हाय म्हणून सांगितलं तर म्हणत्या, तुम्हाला कुणी डॉक्टर केलं.

जखमेच्या कडेनं गुलाबी मांस धरायला लागलंय आणि वास गेला, एवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करायला लावला. वहिनी फडकं बदलताना गुणगुणत होत्या असं लिहिलंस. ते वाक्य मी तीनदा वाचलं. आज आणखी पाच पाठवतोय. परवाच नवीन डबा मिळाला.

माझ्या पायाचं विचारलंस. बरं हाय. दर मंगळवारी दवाखान्यात जातोय. प्रियदर्शनी मॅडम लई कष्टाळू. पायाचा फोटो काढतात, मोजपट्टीनं जखम मोजतात आणि कपाळाला आठी घालून बसतात. "काका, एक दिवसाआड नियमित लावता ना?" म्हणून विचारतात. मी म्हणतो, व्हय की. वहीत तारखा लिहायच्या असतात, त्या पण लिहितोय. लेथवाल्याची वही, एक खाडाखोड सापडायची न्हाय.

तू एक वाक्य मधीच लिहिलंस, की फायनल मे महिन्यात झाली, तेव्हा पाऊस कुठला. असंल बाबा. टँकरनं पाणी मारलं असंल धूळ बसायला. एवढं कुणाला आठवतंय.

आठवायचंच तर दुसरं आठव. अकरावीला तू चंदगडहून पत्र्याची पेटी घेऊन आलतास आणि कॉलेज होईपर्यंत आमच्या माळ्यावर राहिलास. तू लिंगायत, म्हणून आई रविवारी मटणाचं भांडं शेजाऱ्यांच्या चुलीवर शिजवायची आणि मला तिकडं जेवायला धाडायची. आमच्याच घरात मी पावणा. तव्यावरची पहिली भाकरी तुला, "लांबनं आलंय पोरगं" म्हणून. मला राग यायचा. तेव्हा बोललो न्हाय, आता बोलतोय, हसून बोलतोय. आई जाईपर्यंत विचारायची, शिवमूर्ती का येत न्हाय रे? मी सांगायचो, कामात असतोय.

काळजी घे. हात कोरडे.

तुझा,
कृष्णात


१७ ऑगस्ट

शिवमूर्ती,

आकारामनं गाडी डेपोत लावली आणि घरी न जाता आधी माझ्याकडं आला. म्हणला, शिवमूर्ती अण्णांनी पँट वर करून सगळ्या स्टँडला पाय दाखवला. जखम बुजली, वर कातडं आलं. एकोणचाळीस वर्षांत ऐन पावसाळ्यात पहिल्यांदा. मर्दा, मी तानाबाईसमोर रडलो. ती म्हणली, औषध दुसऱ्याच्या पायाला लागलं आणि हे रडायलेत.

संध्याकाळी जरा कणकण येते आणि नडगी गरम लागते असं लिहिलंस. पावसाळी ताप असंल. महिना महिना तुम्हाला ऊन दिसत न्हाय, येणारच. काढा घे आणि पांघरूण घेऊन पड.

गणपतीला कोल्हापूरला येतो म्हणतोस. आताच नको. नवं कातडं हाय, घट्ट होऊ दे. दिवाळीनंतर बघू.

आणि एक सांगतो, मला देवमाणूस वगैरे लिहू नकोस. माझ्या पायाचं परत विचारलंस. बरं हाय.

कृष्णात


दवाखाना, कोल्हापूर
२४ ऑगस्ट

शिवमूर्ती,

आज क्षेमकुशल विचारत न्हाय. तू आत वॉर्डात, मी बाहेर बाकावर, मधी एक दार. तरी लिहितोय, कारण तुझ्या कानात ओरडून सांगितलं तर सगळा वॉर्ड ऐकंल, आणि तोंडावर सांगायचं धाडस इतक्या वर्षांत मला झालं न्हाय. अमरेशकडं हे पत्र देतोय. उद्या सकाळी तुला ऑपरेशनला नेतील. त्याआधी वाच.

मंगळवारी काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलेलं न्हाय. मी तपासणीला गेलतो. तुझी कणकण डोक्यातनं जात नव्हती. सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, एखाद्याची हाड मोडून झालेली जुनी जखम असली, तर ही पट्टी चालंल का?" त्या लिहिता लिहिता थांबल्या. "अजिबात नाही काका. तसल्या जखमेत पू हाडातच असतो. वरचं भोक ही त्याची बाहेर यायची वाट. ती बुजवली तर तो आत पसरतो, रक्तात जातो. का विचारलंत?"

म्हटलं, उगीच. उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी अमरेशला फोन लावायला लावला, आणि त्याच दिवशी अंधार पडायच्या आत तो तुला जीपमधनं घेऊन आला. तेव्हा तू तापानं फणफणलेला होतास, तुला आठवत नसंल.

मला वाटलं होतं मॅडम ओरडतील. ओरडल्या न्हाईत. "काका, तुमची जखम भरत नव्हती म्हणून सहा आठवडे मी औषधात चूक शोधत होते. पुढच्या आठवड्यात लिहून देणार होते, की तुमच्यासारख्या पायांना हे लागू पडत नाही." एवढं म्हणाल्या आणि माझं नाव यादीतनं काढलं. एका माणसाच्या थापेनं ते औषध पुढच्या कितीतरी लोकांच्या पायापर्यंत पोचलं नसतं. मी मान खाली घालून माझी सुबक वही त्यांच्यापुढं ठेवली.

आता माझ्या पायाचं. अमरेशकडनं तू अर्धं ऐकलंयस, सगळं माझ्याकडनं ऐक. तू विचारत गेलास, मी बरं हाय म्हणत गेलो. बरं न्हाय. मला जास्तीच्या पट्ट्या कुणीच दिल्या नव्हत्या. एक दिवसाआड एक लावायची होती. मी चार दिवसांनी एक लावली आणि मधली तुला पाठवली. भाकरी निम्मी केली तर दोघांच्या पोटाला आधार होतोय, औषधाचं पण तसंच असंल असं मला वाटलं. शिकलेला माणूस असं करणार न्हाय. माझ्या जखमेला निम्म्यानं भागलं न्हाय, आणि तुझ्या जखमेला ते द्यायचंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात माझा अंगठा काढणार हायत. तानाबाईला काल सांगितलं. ती काय बोलली ते लिहीत न्हाय, पण जेवायचा डबा तिनंच आणला.

अंगठ्याचं मला काय वाटत न्हाय. मला इथं बसवत न्हाय ते दुसऱ्या कारणानं. ताप उतरल्यापासून तू सगळ्यांना सांगत सुटलायस, की ह्या माणसानं स्वतःचं औषध मला दिलं, स्वतःचा अंगठा घालवला. सिस्टर मला चहा आणून देतात. काल अमरेशनं माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतला तर त्याला वाटलं दुखलं, बिचारा माफी मागत बसला. आणि आज ऑपरेशनचा फॉर्म आला. साक्षीदार म्हणून माझीच सही घ्या म्हणालास. सिस्टरनं नातं विचारलं, तर तू तुझ्या त्या बहिऱ्या, मोठ्या आवाजात म्हणालास, "भाऊ." वॉर्डातल्या सगळ्यांनी माना वळवून बघितलं. तो फॉर्म माझ्या मांडीवर हाय. सही केलेली न्हाय.

मैदान ओलं नव्हतं. टँकर पण आला नव्हता. अकरा मे, टळटळीत ऊन, भेगा पडलेली जमीन.

हाफ टाइमला तुम्ही एक गोलनं पुढं होता. तो गोल तू मारलास, माझ्या दोन पायांतनं बॉल काढून. आमच्याच गल्लीतली पोरं हसली. तालमीतली मोठी माणसं मला म्हणाली, "कृष्णात, त्या चंदगडच्याला आवर." आवर म्हणाली, मोड न्हाय म्हणाली. मोडायचं मी ठरवलं. तू उजव्या अंगानं आलास. बॉल माझ्यापासून हातभर लांब गेलता. मी बॉलकडं बघितलंच न्हाय. तुझी नडगी बघितली आणि बूट घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

का केलं, हे मी स्वतःला लई वेळा विचारलं. पेठेच्या इज्जतीसाठी केलं असं बरीच वर्षं मानलं. ते खरं न्हाय. तू माझ्यापेक्षा चांगला खेळायचास, म्हणून केलं. आमच्या घरात राहून, माझ्या आईच्या हातचं खाऊन तू माझ्यापेक्षा चांगला खेळायचास, आणि आईला पण तू आवडायचास. एवढंच कारण हाय, शिवमूर्ती. ह्यापेक्षा मोठं कारण असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

आम्ही दोन-एकनं जिंकलो. मी गुलालात नाचलो. तिसऱ्या दिवशी तुला बघायला आलो आणि म्हणालो, घसरलो रे. तुझा पाय दोरीनं वर टांगलेला होता, आणि तू म्हणालास, "खेळात होतंय, तू जीवाला लावून घेऊ नको." त्या दिवशी तू शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित मी कबूल केलं असतं. तू समजूत घातलीस आणि मी ती घेऊन घरी आलो. खेळाडू म्हणून तुला बँकेत नोकरी लागणार होती, ती गेली. तू गावाला परतलास. तू लग्नाला बोलावलंस, मी आलो न्हाय. लोकांना मात्र सांगत राहिलो, शिवमूर्ती माझ्यावर रुसलाय. तू कधी रुसलाच नव्हतास. मला तुझं तोंड बघवत नव्हतं. कागलला मी घाईत नव्हतो. तुला लंगडत पंगतीकडं येताना बघितलं आणि मागच्या दारानं पळालो.

पट्ट्या पाठवल्या तेव्हा मला वाटलं, जखम बुजली की बोलायचं कारणच उरणार न्हाय. तुझ्या पायाचं भलं व्हावं हे पण मनात होतं, ते खोटं न्हाय. पण गप्प राहता यावं हे जास्त होतं.

उद्या डॉक्टर हाड खरवडून बघणार हायत. पाय राहतो का जातो, ते उघडल्यावरच कळणार म्हणाले. अशा वेळी तुला हे सांगावं का, ह्याचा दोन दिवस विचार केला. तानाबाई म्हणाली, ऑपरेशन होऊन जाऊ दे. पण मी मला ओळखतो. उद्या झालं की परवा म्हणंन, परवा झालं की दिवाळी म्हणंन. आणि पाय गेला, तर ज्यानं तो घालवला त्याचा हात धरून तू रडशील, हे मला सोसणार न्हाय.

फॉर्म ह्या पत्राबरोबर आत देतोय. नात्याची जागा रिकामी ठेवल्या. सिस्टरला सांगितलंय, तिथं काय लिहायचं ते शिवमूर्ती सांगंल. तुला वाटंल ते लिही. मी नको वाटलो तर साक्षीदाराला दुसरं कुणी बोलाव, आकाराम खाली उभा हाय, माझ्यावाचून ऑपरेशन अडणार न्हाय. मी माफी मागत न्हाय, कारण मागितली की तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक हाय. ह्या वेळी लगेच देऊ नकोस. आधी राग कर. मी दारासमोरच बसलोय आणि अमरेश बाहेर येईपर्यंत हलणार न्हाय.

तुझा पाय जाणूनबुजून मोडणारा,
कृष्णात